उजव्या बाजूचा आरसा

भावजींना आणायला मी मालवणच्या एसटी स्टँडवर गेलो होतो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाय म्हणत असू, आधी उतरली आणि तिच्या मागून तिचे यजमान, म्हणजे भावजी. त्यांच्या हातात पत्र्याची एक ट्रंक होती. आम्ही बाहेर पडायला वळलो, तेवढ्यात शेजारच्या फलाटावरची गाडी मागे यायला लागली. कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवत होता. स्टँडवर दिवसातून पन्नास वेळा घडणारी गोष्ट. भावजींनी ट्रंक तिथेच टाकली, माझा दंड धरला आणि मला भिंतीपर्यंत ओढत नेलं. गाडी आमच्यापासून चांगली वीस हात लांब होती. ती निघून गेली तरी त्यांनी माझा दंड सोडला नाही. बायने जाऊन ट्रंक उचलली आणि काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "चला, आवस वाट बघत आसतली." आवस म्हणजे आमची आई.

सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. भावजी रेडीच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे डंपर चालवत. खाणीतून आलेलं लोखंडाचं खनिज एका मोकळ्या जागेत ढीग घालून ठेवत आणि मग ते बार्जमध्ये, सपाट बुडाच्या मोठ्या बोटीत, भरलं जाई. त्यांचा डंपर रस्त्यावरच्या ट्रकसारखा नव्हता. चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी, केबिन डाव्या अंगाला एका कोपऱ्यात आणि इंजिनाने सगळी उजवी बाजू अडवलेली. चालकाला डावीकडचं सगळं दिसतं, उजवीकडचं जवळजवळ काहीच नाही. त्यासाठी उजव्या टोकाला लांब दांडीवर एक आरसा असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे ते यंत्र मी माझ्या हातांनी लहान आकारात घडवलं, म्हणून आज सांगू शकतो.

माल ओतायला डंपर ढिगाच्या कडेपर्यंत मागे घ्यावा लागतो. मागे एक माणूस उभा राहून शिट्टीने इशारा देतो. भावजींच्या गाडीवर चार वर्षं हा माणूस एकच होता. त्यांच्याच वाडीतला, त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, मच्छीमाराच्या घरातला. होडीवर भागेना म्हणून त्याला तिथे कामाला लावलं होतं ते भावजींनीच. त्या दुपारी त्याने नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला उभं राहून शिट्टी दिली. भावजींनी गाडी मागे घेतली. शिट्टी दिल्या दिल्या तो डावीकडून उजवीकडे का गेला, हे कोणालाच कळलं नाही. मागच्या उजव्या चाकाखाली तो सापडला. लोक ओरडत धावले तेव्हा भावजींना समजलं.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. कंत्राटदाराने स्वतःची चौकशी केली आणि कागदावर लिहिलं की चालकाने मागे घेताना उजव्या आरशात पाहिलं नाही. भावजींना कामावरून काढलं. त्यांचं म्हणणं एकच होतं. ते त्यांनी साहेबाला सांगितलं, बायला सांगितलं, आमच्या घरी आल्यावर माझ्या आईला सांगितलं. "मी आरशात बघलंय. तो आरशात नव्हतो."

बाराव्याच्या दिवशी बाय त्या घरी गेली होती. त्याच्या बायकोने तिला उंबऱ्यावरच थांबवून विचारलं, "तुझो घोव माझ्या घोवाक बघी नव्हतो, तर खंय बघी होतो?"

बाय तिथूनच घरी आली. दोघी एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या, एकमेकींच्या बाळंतपणात राबलेल्या. त्यानंतर बाय विहिरीवर दिसली की त्याची बायको रिकामी कळशी घेऊन परत फिरू लागली. दोन महिने बायने हे सोसलं आणि मग घराला कुलूप लावून नवऱ्याला घेऊन ती आमच्याकडे आली.

माझी शेड बंदराच्या वाटेवर होती. एक लेथ, एक उभं ड्रिल, दोन व्हाइस, लहानशी भट्टी आणि झाळकामाचं सामान. लाँचचे वाकलेले शाफ्ट सरळ करायचे, शाफ्ट ज्यांत फिरतात ते बुश घडवायचे, पंख्याची तुटलेली पाती झाळायची, असं काम. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एकटाच ते सांभाळत होतो. घरी बसून भावजींचा जीव घुसमटेल म्हणून बाय त्यांना रोज माझ्याबरोबर पाठवी. ते एका रिकाम्या खोक्यावर बसत. काही दिवसांनी मी त्यांच्या हातात कानस दिली. हात चांगला होता त्यांचा. सांगितलं तेवढंच घासत, एक केसभर जास्त नाही.

एका सकाळी मी आलो तर ते गुडघ्यांवर बसून खडूने जमिनीवर काही आखत होते. मोठी चाकं, माल भरायचा तिरका हौदा, केबिन. शेजारी त्यांची ट्रंक उघडी होती आणि तिच्यातली डंपरची पुस्तिका, कडा तेलाने काळ्या झालेली, समोर उघडून ठेवलेली. तिच्यात मापांसकट नकाशा होता. दहा फुटांना एक फूट या हिशेबाने त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं. म्हणाले, हे मला पत्र्यात करायचंय. नुसता देखावा नको. मागे-पुढे झाला पाहिजे, वळला पाहिजे, माल ओतला पाहिजे. केबिनमध्ये जिथे माझा डोळा असतो तिथे डोळा लावून आरशात पाहता आलं पाहिजे.

मी विचारलं, कशासाठी.

"तिका, त्याच्या बायलेक दाखवूचा आसा," ते म्हणाले. "तो दिसणा नव्हतो, ह्या तिच्या डोळ्यांनी तिका बघूंदे."

मला ते वेडेपणाचं वाटलं. पण आल्यापासून पहिल्यांदाच ते स्वतःहून काही बोलले होते. मी हो म्हटलं.

ते काम चार महिने चाललं. लाँचची कामं आटपून दुपारनंतर आम्ही त्याला हात घालत असू. साटा, म्हणजे खालचा सांगाडा, लोखंडी पट्ट्यांचा केला, हौदा वीस गेजच्या पत्र्याचा. चाकांसाठी मी लाँचच्या इंजिनांचे जुने पिस्टन वितळवले, ॲल्युमिनियमचे गोळे ओतले आणि लेथवर त्यांच्या रिंगा काढल्या. टायर जाड रबराच्या चकत्या एकावर एक चिकटवून बनवले आणि लेथवरच फिरवत कानशीने गोल केले. त्या रबराच्या भुशाने आमची नाकं आठवडाभर काळी होती. गाडी चालवायला जीपच्या वायपरची मोटर घेतली आणि तिला मोटरसायकलची बॅटरी लावली. हौदा उचलायला आटे पाडलेली सळी, फिरली की हौद्याला वर ढकलणारी. पुढची चाकं वळवायची जोडणी तीनदा मोडून चौथ्यांदा जमली.

आधी आम्ही वायर लावून चालवून पाहिलं. मागे येताना वायर चाकाखाली जाई. भावजींना ते पाहवेना. ते म्हणाले, गाडीच्या मागे काही नको. मग आमच्या ओळखीच्या एका बोटीवरच्या माणसाने मुलासाठी आणलेली रेडिओवर चालणारी खेळण्यातली गाडी आठवली. खाऱ्या हवेने तिची चाकं गंजून बसली होती, पण आतला भाग आणि हातात धरून ती चालवायची पेटी शाबूत होती. ती त्याने देऊन टाकली. बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने तिला जीपच्या हॉर्नची रिले जोडून दिली, म्हणजे तिच्या एवढ्याशा विजेवर आमची मोठी मोटर चालू-बंद होऊ लागली. पेटीवर दोन दांड्या होत्या. एकीने पुढे-मागे, दुसरीने डावी-उजवी. हौद्यासाठी तिसरी दांडी नव्हती. म्हणून गाडीच्या मागे एक बटण बसवलं. गाडी कडेच्या बांधाला टेकली की ते दाबलं जाई आणि हौदा आपोआप वर जाई.

पहिल्यांदा ते यंत्र वायरीशिवाय शेडच्या जमिनीवरून घरघरत निघालं, तेव्हा भावजी हसले. मी खोटं सांगत नाही, मलाही पोरासारखा आनंद झाला. त्यांनी लेथखालचा लोखंडाचा भुगा हौद्यात भरला, गाडी वळवली, मागे घेऊन दाराच्या उंबऱ्याला टेकवली आणि भुगा बरोबर ओतला. जाणारे-येणारे थांबले. त्या एका दुपारी आमची शेड जत्रेसारखी झाली. बाय चहा घेऊन आली आणि गर्दीत मागे उभी राहिली. गाडी मागे येताना पाहिली तशी तिने किटली खाली ठेवली आणि घरी गेली. भावजींनी तिला जाताना पाहिलं. पेटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि परत खोक्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माणूस करायला सांगितला. साडेसहा इंचांचा, पितळेचा. मी शाफ्टच्या एका तुकड्यातून डोकं, धड, पाय असं ढोबळ काढलं. त्या शिट्टीवाल्याला मी कधी पाहिलं नव्हतं. भावजींनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला. म्हणाले, त्याचा डावा खांदा जरा खाली असे, लहानपणापासून जाळं ओढून. व्हाइसमध्ये धरून त्यांनी तो खांदा स्वतः घासला. तेवढ्याने त्या पितळेच्या तुकड्यात काय बदललं ते मला सांगता येणार नाही, पण नंतर मला तो उघड्यावर ठेवायला नको वाटू लागलं. रोज काम संपलं की मी त्याच्यावर फडकं टाकत असे.

आता एकच गोष्ट उरली होती. उजव्या बाजूचा आरसा. पुस्तिकेतल्या नकाशात तो नव्हता. भावजी म्हणाले, तसलाच दुसरा डंपर तिथे अजून चालतो, तिथला मेकॅनिक तुझ्याकडून बुश नेतो, तू जाऊन माप घेऊन ये. स्वतः ते तिथे पाऊल ठेवायला तयार नव्हते.

मी सकाळच्या गाडीने निघालो, वेंगुर्ल्याला बदलली आणि बारा वाजता रेडीला पोचलो. रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानं, कौलं, वाळत घातलेले कपडे, सगळं तांबडं. मेकॅनिक भला माणूस होता. जेवणाच्या सुटीत त्याने मला डंपरवर चढू दिलं. मी दांडीची लांबी मोजली, उंची मोजली, आणि आरसा किती तिरका आहे ते नीट यावं म्हणून एक पुठ्ठा त्याच कोनात कापून घेतला. मग केबिनमध्ये चालकाच्या जागेवर बसून पाहिलं. आरशात लांबवर तांबडी जमीन आणि तिच्यावरून चालत जाणारी एक बाई, डोक्यावर पाटी घेतलेली. ती मला स्पष्ट दिसत होती. पण गाडी उभी होती, बाई लांब होती, मागे येताना वेगळं दिसत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

परत आल्यावर रविवारी मी एकटाच शेडमध्ये गेलो. दाढीच्या आरशाचा तुकडा कापला, एका सुताची बारीक पितळी सळी दांडी म्हणून बसवली आणि पुठ्ठा लावून आरसा बरोबर त्या कोनात झाळला. चालकाच्या जागेवर डोळ्याच्या उंचीला आम्ही भोक पाडलेली एक पट्टी आधीच लावली होती. जमिनीवर भावजींनी खडूने आखलेलं होतंच, गाडी कुठून निघाली, तो कुठे सापडला. मी माणूस त्या जागी ठेवला, गाडी सुरुवातीच्या रेघेवर ठेवली आणि पालथा पडून भोकाला डोळा लावला.

तो आरशात होता. डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत, खाली उतरलेल्या खांद्यासकट.

मी उठून बसलो. मग चिमट्याने ती दांडी थोडी बाहेर वाकवली. अगदी थोडी. पुन्हा पाहिलं तर आरशात नुसती जमीन होती. पुठ्ठा मी भट्टीत टाकला. मला वाटलं, मेलेला माणूस काही परत येत नाही; जिवंत माणसाला तरी झोप लागेल. हे सगळं मी किती चटकन ठरवलं, याचीच मला आज भीती वाटते.

सोमवारी भावजींनी पाहिलं. जमिनीवर पडून, श्वास रोखून. "दिसणा नाय," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, "दिसणा नाय." ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी लेथ चालू केला, कारण त्यांच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी मला लेथ बंद करायला सांगितलं. ते गाडीजवळ उकिडवे बसले होते आणि एक बोट आरशाला लावून पाहत होते.

"दांडी तू वाकयलंस?"

मी फडक्याने हात पुसू लागलो.

"चार वर्सां रोज सकाळी त्या आरशावरची धूळ मी पुसलंय. तो खंय आसता ता माका म्हायत आसा." आवाज चढलेला नव्हता. त्यांनी अंगठ्याने दांडी आत ढकलली, जरा लांब होऊन पाहिलं, पुन्हा किंचित ढकलली. माझा पुठ्ठा राख झाला होता, पण त्यांच्या अंगठ्याने ती बरोबर तिथेच आणली जिथे मी ती आधी झाळली होती.

मग त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. मी सांगेन तसा एकेक फूट मागे घे, म्हणाले. सुरुवातीच्या रेघेपासून तो सापडला त्या जागेपर्यंत जमिनीवर सहा फूट अंतर होतं, म्हणजे खऱ्या जागेवरचे साठ. ते भोकाला डोळा लावून गाडीबरोबर सरपटत राहिले. मी एक फूट मागे घेई आणि थांबे.

"आसा," ते म्हणाले.

पुन्हा एक फूट.

"आसा."

तिसऱ्यांदाही तेच, चौथ्यांदाही तेच. पाचव्या वेळी त्यांनी डोळा भोकाला आणखी घट्ट लावला. मग म्हणाले, "गेलो."

तेव्हा मी पेटी खाली ठेवली. भावजी तसेच पडून होते. जमिनीकडे बघतच, त्यांनी सांगितलं की अपघाताच्या आदल्या दिवशी ढिगाची डावीकडची कड ढासळली होती आणि एक डंपर कलंडता कलंडता वाचला होता. त्या दुपारी त्यांचा सगळा जीव डाव्या कडेवर होता. उजवीकडे पाहिल्याचं त्यांना अगदी आठवत होतं, पण ते त्या दिवशीचं होतं की रोजचं, हे आता त्यांना सांगता येत नव्हतं.

"मी खोटा सांगूक नाय," ते म्हणाले. "माका तसाच वाटलेला."

घरी जाऊन त्यांनी बायला सांगितलं की मी त्याच्या बायकोकडे जाणार, गाडी घेऊन. मी विरोध केला. चौकशी संपली होती, नोकरी गेली होती, आता कोणी काही विचारत नव्हतं. हे सांगून तिच्या पदरात काय पडणार होतं? आईही माझ्या बाजूने बोलली. बाय भाकरी थापत होती. तिने शेवटची भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "तिना माका इचारल्यान होता. माझ्याकडे जबाब नव्हतो. जावया."

गाडी गोणपाटात गुंडाळून आम्ही तिघे गेलो. ती नुकतीच मासे विकून परत आली होती. पाटी अजून ओली होती. आम्हाला पाहून ती आत गेली नाही, या म्हणालीही नाही. दारासमोरच्या सारवलेल्या खळ्यात भावजींनी गाडी ठेवली, पितळेचा माणूस ठेवला, पेटी हातात घेतली. कोणीही मध्ये बोलू नये अशा रीतीने त्यांनी सगळं सांगितलं. शिट्टी कुठून आली. गाडी कुठे होती. ती कशी मागे आली. मग गाडी चालवून दाखवली आणि जिथे तो आरशातून दिसेनासा झाला तिथे थांबवली. म्हणाले, इथपर्यंत तो आरशात होता. मी दुसरीकडे बघत होतो. चौकशीत लिहिलंय ते खरं आहे. मी नाही म्हटलं ते चूक होतं.

तिने विचारलं, "किती येळ होतो तो आरशात?"

"धा मोजीसर," भावजी म्हणाले.

ती खळ्याच्या कडेला उभी होती. गाडीकडे बघत ती मोजायला लागली. मोठ्याने नाही, पण ओठ हलत होते आणि सगळं शांत होतं, म्हणून आम्हाला ऐकू येत होतं. एक, दोन, तीन. ती घाई करत नव्हती. दहा मोजायला एवढा वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. दहा झाल्यावर ती खाली बसली. बाय पुढे झाली, पण तिने हात वर करून तिला थांबवलं.

मग तिने पितळेचा माणूस उचलला. त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं. "ह्यो खांदो कोणी केल्यान?"

"मी," भावजी म्हणाले.

तिने मान हलवली. उठली, पाटी उचलली, आणि दाराकडे जाताना म्हणाली, "गाडी घेवन जावा. ह्यो हय ऱ्हवांदे."

आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. आम्ही गाडी पुन्हा गोणपाटात गुंडाळली. मग परतीची एसटी पकडली.

खरं बोललं की माणूस मोकळा होतो असं मला वाटायचं. भावजी मोकळे झाले नाहीत. आधी त्यांच्याकडे चौकशीवरचा राग होता, त्या रागावर ते उठत-बसत होते. आता तोही राहिला नाही. पुढचे काही महिने फार वाईट गेले. ते जेवायला बसत आणि ताटातला भात तसाच सोडून उठत. एकदा ते दिवसभर सापडले नाहीत. बाय आणि मी तारकर्लीपर्यंत किनारा धुंडाळला, तेव्हा सुरूंच्या झाडाखाली बसलेले दिसले. मी म्हटलं, चला. ते निमूट उठले आणि आले. त्यानंतर मी त्यांना एकटं सोडलं नाही. माझी जबाबदारी म्हणून नव्हे. मला माझी स्वतःची भीती वाटत होती. मी दांडी वाकवली नसती तर त्यांना ती एक सकाळ सुटका झाल्याची वाटली नसती, आणि मग पडायला एवढी उंची नसती.

हळूहळू कामाने त्यांना धरलं. ते माझ्या शेडमध्ये कायमचे झाले. बुश घासायचे, शाफ्ट तपासायचे. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी आणखी दोन यंत्रं घडवली, एक लोडर आणि एक बुलडोझर, दोन्ही रेडिओवर चालणारी, पहिल्यापेक्षा किती तरी सफाईची. लोडरचं फावडं तर इतकं अलगद उचललं जाई की त्यात ठेवलेलं अंडं हलत नसे. ती त्यांनी कोणाला दाखवली नाहीत. कोणी बघायला आलं तर कापडाखाली झाकून दुसऱ्या कामाला लागत.

डंपरबद्दल रेडीच्या मेकॅनिकला कळलं होतं. तो एकदा स्वतः येऊन म्हणाला, नव्या चालकांना दाखवायला द्या, केबिनमधून काय दिसतं आणि काय नाही ते कळेल त्यांना. तुम्हीच येऊन शिकवा. भावजी जायला कबूल झाले नाहीत, पण गाडी त्यांनी देऊन टाकली. आरसा हलू नये म्हणून दांडीला खालून एक आधार झाळून दिला. नंतर मी तिकडे गेलो तेव्हा ती ऑफिसातल्या कपाटावर होती, तांबड्या धुळीने भरलेली. पेटी कुठे गेली ते कोणाला माहीत नव्हतं. मेकॅनिकने सांगितलं, पहिले काही महिने तिचा उपयोग केला होता. मी तिच्यावरची धूळ पुसली आणि आलो.

भावजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला त्या दांडीबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. ते गेल्यावर एकदा मी बायला सगळं सांगितलं, ती रविवारची सकाळ, चिमटा, जळालेला पुठ्ठा. ती म्हणाली, माका म्हायत आसा. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, भावजींनी तिला सांगितलं होतं आणि मला कधी बोलून दाखवू नकोस म्हणून बजावलं होतं.

मी विचारलं, तेव्हा तुला माझा राग आला नाही?

"इलो," बाय म्हणाली. "पण त्या दिसांत माका कोणाकोणाचो राग येय होतो, ता आता आठवणा नाय."